यिर्झी त्रन्का

यिर्झी त्रन्का (जन्म : पल्झेन, बोहेमिया, २४ फेब्रुवारी १९१२, मृत्यू : प्राग, ३० डिसेंबर १९६९) हे चेक चित्रकार, पुस्तकचित्रकार, नेपथ्यकार आणि बाहुलीपटांचे दिग्दर्शक होते. स्टॉप-मोशन पद्धतीच्या बाहुलीपटाला केवळ बालरंजनाच्या पातळीवर न ठेवता त्याला काव्य, शोकात्मिका आणि उपरोध यांचे सामर्थ्य प्राप्त करून देणाऱ्या कलावंतांत त्यांचे स्थान अग्रभागी आहे. त्यांना पूर्व युरोपचे वॉल्ट डिस्ने असे संबोधण्यात येई. परंतु त्यांची कलादृष्टी डिस्ने यांच्या दृष्टीहून बरीच वेगळी होती. त्यांच्या बाहुल्यांचे चेहरे संपूर्ण चित्रपटात बदलत नसत. पात्राचा स्वभाव त्याच्या घडणीत, त्याच्या भोवतीच्या नेपथ्यात आणि त्याच्यावर पडणाऱ्या प्रकाशात साठवलेला असावा, हे त्यांच्या निर्मितीचे मुख्य सूत्र होते. 'हात' (मूळ चेक नाव 'रुका', १९६५) हा त्यांचा अखेरचा चित्रपट कलावंताच्या स्वातंत्र्यावरील रूपककथा म्हणून जगभर ओळखला जातो.

== बालपण व शिक्षण ==

त्रन्का यांचा जन्म पल्झेन या औद्योगिक नगरात झाला. त्या वेळी बोहेमिया हा प्रांत ऑस्ट्रिया-हंगेरी साम्राज्याचा भाग होता. १९१८ मध्ये स्वतंत्र चेकोस्लोव्हाकिया अस्तित्वात आला तेव्हा ते सहा वर्षांचे होते. त्यांचे वडील नळजोडणीची कामे करीत, तर आई शिवणकाम करी. घरची परिस्थिती बेताची होती. लहान वयातच त्यांना लाकडाच्या बाहुल्या कोरण्याचा नाद लागला आणि त्या बाहुल्यांचे छोटे खेळ ते सवंगड्यांना दाखवू लागले.

चेक लोकजीवनात बाहुल्यांच्या खेळाला मानाचे स्थान होते. नगरांतील व्यवहारात जर्मन भाषेचा वरचष्मा असताना गावोगाव फिरणारे बाहुलीकार चेक भाषेत खेळ करीत. त्यामुळे बाहुली हे करमणुकीचे साधन असले, तरी भाषा आणि लोककथा जतन करण्याचे कार्यही तिच्याकडून घडले. त्रन्का यांच्या पुढील चित्रपटांत चेक सण, दंतकथा आणि लोकगीते यांना जे महत्त्व मिळाले, त्याचे मूळ या परंपरेत आहे.

पल्झेनमधील शाळेत त्यांना योसेफ स्कुपा हे चित्रकलाशिक्षक लाभले. स्कुपा हे चेक बाहुलीनाट्यातील थोर कलावंत होते. श्पेयब्ल हा बाप आणि हुर्वीनेक हा त्याचा खोडकर मुलगा, ही त्यांच्या रंगभूमीवरील बाहुल्यांची जोडी पुढे घरोघरी परिचित झाली. स्कुपा यांनी या विद्यार्थ्यातील गुण ओळखले आणि आपल्या बाहुलीनाट्यातील काही कामे त्याच्यावर सोपविली. धाग्यांनी नाचविल्या जाणाऱ्या या कळसूत्री बाहुल्यांचे लाकडी चेहरे हलत नसत, तरीही प्रेक्षक त्यांच्या सुखदुःखात रमून जात. हा अनुभव त्रन्का यांना कोवळ्या वयातच मिळाला.

मुलाने कलाशिक्षण घ्यावे, याला घरून प्रथम अनुकूलता नव्हती. स्कुपा यांनी कुटुंबाचे मन वळविले आणि त्रन्का यांनी प्राग येथील उपयोजित कला महाविद्यालयात प्रवेश घेतला. तेथे १९२९ ते १९३५ या काळात त्यांचे शिक्षण झाले.

== लाकडी रंगभूमी, पुस्तकचित्रे व नेपथ्य ==

शिक्षण संपल्यावर त्रन्का यांनी १९३६ मध्ये प्राग येथे स्वतःचे बाहुलीनाट्यगृह सुरू केले. 'लाकडी रंगभूमी' या अर्थाचे त्याचे नाव होते. ते फार काळ टिकले नाही. त्यानंतर त्यांनी पुस्तकचित्रांकडे लक्ष वळविले. १९३७ मध्ये त्यांच्या चित्रांचे पहिले बालपुस्तक प्रसिद्ध झाले आणि थोड्याच वर्षांत ते देशातील आघाडीचे पुस्तकचित्रकार म्हणून मान्यता पावले. यान कराफियात यांची काजव्यांची कथा, ग्रिम बंधूंच्या परीकथा, हान्स क्रिस्टिअन अँडरसन यांच्या कथा आणि अरबी भाषेतील सुरस कथा अशा अनेक ग्रंथांना त्यांनी आपल्या चित्रांनी सजविले. चित्रपटाच्या धकाधकीतही त्यांनी हे काम कधी सोडले नाही.

मार्च १९३९ मध्ये जर्मन सैन्याने बोहेमियाचा ताबा घेतला. या काळात त्रन्का यांनी प्रागच्या राष्ट्रीय नाट्यगृहासाठी नेपथ्ये आणि वेशभूषा तयार केल्या. पात्र ज्या जागी उभे राहते त्या जागेची उंची, रिकामी सोडलेली बाजू, दार आणि खिडकी यांचे स्थान, प्रकाश येण्याची दिशा या सर्वांतून नाटकाचा भाव कसा प्रकट होतो, याचा अभ्यास त्यांना येथे झाला. बाहुली कोरण्याची कला, कथेचे चित्र काढण्याची कला आणि रंगमंच उभारण्याची कला या तिन्ही विद्या त्यांच्या ठायी चित्रपटात येण्यापूर्वीच एकत्र आल्या होत्या.

== रेखाटित अॅनिमेशनपट ==

दुसरे महायुद्ध संपल्यानंतर १९४५ मध्ये चेकोस्लोव्हाकियातील चित्रपटउद्योगाचे राष्ट्रीयीकरण करण्यात आले. त्याच वर्षी प्राग येथील अॅनिमेशन कलागृहाचे नेतृत्व त्रन्का यांच्याकडे आले. एदुआर्द होफमन आणि यिर्झी बर्देच्का हे त्यांचे सहकारी होते. या कलागृहाचे नाव 'ब्रात्र्शी व त्रिकू' असे होते. 'त्रिक' म्हणजे चित्रपटातील करामत आणि 'त्रिको' म्हणजे विणलेला अंगरखा. त्यामुळे करामत करणारे बंधू आणि अंगरखा घातलेले बंधू असे दोन्ही अर्थ या नावातून निघतात. पट्ट्यापट्ट्यांचे अंगरखे घातलेली तीन मुले हे कलागृहाचे बोधचिन्ह होते.

येथे त्रन्का यांनी चार रेखाटित लघुपट केले. पहिला लघुपट आजोबांनी लावलेल्या अवाढव्य बीटाच्या लोककथेवर होता. 'प्राणी आणि दरोडेखोर' या लघुपटाचा १९४६ च्या कान महोत्सवात गौरव झाला. पायांना स्प्रिंगा बांधून नाझी सैनिकांना हैराण करणाऱ्या धुराडेवाल्याची कथा आणि मध्यमवर्गीय अभिरुचीवरील उपरोध, हे अन्य दोन लघुपटांचे विषय होते. या चित्रपटांतील रेषा डिस्नेच्या गोंडस वळणापासून जाणीवपूर्वक दूर गेलेली होती आणि समीक्षकांनी तिचे स्वागत केले.

यश मिळूनही त्रन्का या माध्यमात समाधानी नव्हते. रेखाटित पटात मूळ चित्रकाराच्या रेखाटनांमधील चित्रे अनेक सहायक काढतात. आपल्या हाताची रेषा पडद्यावर पोहोचेपर्यंत इतक्या हातांतून जाते की तिचे स्वत्व उरत नाही, अशी त्यांची भावना झाली. बाहुलीचे तसे नव्हते. कलावंताने कोरलेली बाहुली जशीच्या तशी कॅमेऱ्यासमोर उभी राहते. १९४६ च्या शरद ऋतूत त्यांनी बाहुल्यांवर प्रयोग आरंभिले.

== बाहुलीपटाचे तंत्र ==

बाहुलीपटात बाहुलीला किंचित हलवून तिचे एक छायाचित्र घेतले जाते. पुन्हा किंचित हलवून दुसरे घेतले जाते. अशा स्थिरचित्रांची मालिका सेकंदाला २४ चौकटींच्या वेगाने दाखविली की बाहुली स्वतः हालचाल करीत असल्याचा भास होतो. या हिशेबाने दहा मिनिटांच्या चित्रपटाला १४,४०० चौकटी लागतात. एकाच ठेवणीच्या दोन चौकटी घेतल्या, तरी बाहुलीची सात हजारांहून अधिक वेळा नवी मांडणी करावी लागते. हे तंत्र त्रन्का यांच्यापूर्वीही प्रचलित होते. रशियात व पुढे फ्रान्समध्ये व्लादिस्लाव स्तारेविच यांनी ते विकसित केले होते, तर भारतात दादासाहेब फाळके यांनी 'आगकाड्यांची मौज' या लघुपटात आगपेटीतील काड्यांना अशाच रीतीने सजीव केले होते.

त्रन्का यांच्या चमूत ब्र्येतिस्लाव पोयार, स्तानिस्लाव लाताल, बोहुस्लाव श्रामेक आदी कुशल कलावंत होते. पात्रांची रेखाटने, बाहुल्यांची घडण, नेपथ्याची कल्पना आणि दिग्दर्शन त्रन्का यांच्याकडे असे. कॅमेऱ्यासमोर बाहुलीला चौकटीगणिक हलविण्याचे काम मुख्यतः हे सहकारी करीत. संगीतकार वात्स्लाव त्रोयान यांचा सहभागही तितकाच मोलाचा होता. त्रन्का यांच्या अनेक चित्रपटांत पात्रे बोलत नाहीत. कथेचा ओघ संगीत आणि हालचाल यांवर चालतो.

=== पात्रांची घडण ===

बाहुलीच्या चेहऱ्यावरील भाव बदलण्यासाठी निरनिराळ्या मुद्रांची अनेक डोकी किंवा तोंडे तयार करून ती चौकटीगणिक बदलण्याची पद्धत त्या काळी रूढ होती. हंगेरीत जन्मलेले आणि पुढे अमेरिकेत गेलेले जॉर्ज पाल यांनी ती विशेष कौशल्याने वापरली. त्रन्का यांनी हा मार्ग नाकारला. त्यांच्या मते बाहुली म्हणजे माणसाची नक्कल नव्हे. हसू, रडू आणि बोलणे यांसाठी तिचा चेहरा सतत हलवू लागल्यास ती अपुरा माणूस बनते. चेहरा स्थिर ठेवल्यास तिच्यात मुखवट्याचे आणि मूर्तीचे गांभीर्य येते.

हा निर्णय साधा दिसत असला तरी तो घेतल्यावर सारा भार पात्राच्या मूळ घडणीवर पडतो. एकच चेहरा पहिल्या प्रसंगापासून शेवटच्या प्रसंगापर्यंत पुरवावयाचा असल्याने तो नेमका कोणता असावा, हे चित्रणापूर्वीच ठरवावे लागते. ठसठशीत हसरा चेहरा दुःखाच्या प्रसंगी निरुपयोगी ठरतो आणि रडवेला चेहरा उत्सवात खटकतो. म्हणून त्रन्का बाहुलीच्या डोळ्यांत कोणताही एक भाव ठामपणे रंगवीत नसत. पोयार यांनी नोंदविल्याप्रमाणे, डोके थोडे वळविले किंवा दिवा सरकविला की तोच चेहरा कधी हसरा, कधी खिन्न भासे आणि बाहुलीच्या लाकडी आवरणाआड आणखी काही दडले आहे असे प्रेक्षकास वाटे.

चेहऱ्याकडून काढून घेतलेले काम शरीराला देण्यात आले. डोक्याचे धडाशी प्रमाण, खांद्यांचा उतार, हातांची लांबी, चालण्याची लय आणि थांबण्याची रीत यांतून राजा, शेतकरी, सैनिक वा कारागीर ओळखू येई. बाहुलीच्या आत सांध्यांवर वळणारा धातूचा सांगाडा असे. त्याचे सांधे सैल असल्यास बाहुली दोन चौकटींच्या मध्ये कलंडते आणि फार घट्ट असल्यास ती हलविताना सारे नेपथ्य हादरते. वस्त्रांचीही अशीच कसोटी लागते. हलविणाऱ्याच्या बोटांच्या स्पर्शाने कापडाच्या घड्या बदलल्या तर पडद्यावर वस्त्र विनाकारण थरथरताना दिसते.

=== नेपथ्य व प्रकाश ===

त्रन्का यांच्या चित्रपटांत नेपथ्य हे पात्राच्या स्वभावाचा विस्तार असते. नियमांनी जखडलेल्या सम्राटाचा महाल मोजूनमापून रचलेला दिसतो, तर गावजत्रेची जागा गजबजलेली आणि ओबडधोबड असते. चेहरा स्थिर असल्याने पात्राच्या मनातील बदल पुष्कळदा त्याच्या खोलीत आणि तेथील उजेडात दाखविला जातो. याच कारणास्तव प्रकाशयोजना त्यांच्या कलेत अभिनयाची जागा घेते.

बाहुलीपटाच्या नेपथ्याला सौंदर्याबरोबर व्यवहारही सांभाळावा लागतो. प्रत्येक वस्तू बाहुलीच्या मापाची असावी लागते. दाराची मूठ, पेला किंवा पायरी यांपैकी एकाचे प्रमाण चुकले तरी बाहुली खेळण्यासारखी दिसू लागते. बाहुली हलविणाऱ्याचा हात आत पोहोचेल अशा रीतीने भिंती रचाव्या लागतात, पायांना तळाशी आधार द्यावा लागतो आणि चित्रण चालू असेपर्यंत एकही वस्तू जागची हलून चालत नाही.

== प्रमुख चित्रपट ==

=== 'श्पालीचेक' ते 'बायाया' ===

त्रन्का यांचा पहिला पूर्ण लांबीचा बाहुलीपट 'श्पालीचेक' १९४७ मध्ये पूर्ण झाला. चेक वर्षचक्रातील सण, जत्रा आणि दंतकथा यांवरील सहा भागांचा हा चित्रपट असून त्यातील एक भाग नाताळच्या बेथलेहेम देखाव्यावर आहे. या चित्रपटाने त्यांना आंतरराष्ट्रीय कीर्ती मिळवून दिली.

१९४९ मध्ये अँडरसन यांच्या कथेवरील 'सम्राटाचा बुलबुल' प्रदर्शित झाला. चित्रपटाच्या आरंभी एक एकाकी, आजारी मुलगा दिसतो. हा भाग खऱ्या बालकलाकारासह चित्रित झाला आहे. त्याच्या स्वप्नात त्याची खेळणी चीनच्या सम्राटाचा दरबार बनून येतात. रानातल्या पक्ष्याच्या जागी किल्ली दिलेला यांत्रिक पक्षी आणला जातो. तो बिघडतो तेव्हा मरणोन्मुख सम्राटाला खऱ्या पक्ष्याचे गाणेच वाचविते. निर्जीव वस्तूंना हालचाल देणाऱ्या कलावंताने यंत्र आणि जीव यांतील फरकाची कथा निवडावी, हे लक्षणीय आहे. इंग्रजी आवृत्तीचे निवेदन बोरिस कार्लोफ यांनी केले.

याच सुमारास त्यांनी चेखॉव्ह यांच्या कथेवरील लघुपट, अमेरिकी काउबॉयपटांचे विडंबन करणारा 'माळरानाचे गीत' आणि झपाटलेल्या गिरणीत रात्र काढणाऱ्या म्हाताऱ्या वादकाची कथा सांगणारा 'सैतानाची गिरणी' हे लघुपट केले. १९५० मधील 'बायाया' हा बोझेना न्येम्त्सोव्हा यांच्या लोककथांवर आधारित असून त्यात मध्ययुगीन वीराची कथा येते. १९५१ मधील 'आनंदी सर्कस' या लघुपटात त्यांनी बाहुल्यांऐवजी कागदी कातरचित्रांचा वापर केला.

=== दंतकथा, श्वेक आणि शेक्सपिअर ===

१९५३ मध्ये आलोइस यिरासेक यांच्या ग्रंथावर आधारित 'जुन्या चेक दंतकथा' हा चित्रपट आला. राष्ट्राच्या आरंभकाळातील या कथांत समुदायाचे आणि युद्धाचे प्रसंग आहेत. मोठा जमाव दाखविताना त्यातील प्रत्येक बाहुली स्वतंत्रपणे हलवावी लागते, हे लक्षात घेता या चित्रपटातील श्रमांची कल्पना येते.

यारोस्लाव हाशेक यांच्या कादंबरीवरील 'शूर शिपाई श्वेक' (१९५४-५५) या तीन भागांच्या चित्रपटात अडचण निराळी होती. योसेफ लादा यांच्या चित्रांमुळे श्वेकचा चेहरा चेक वाचकांच्या मनात आधीच पक्का झाला होता. त्रन्का यांनी नवा चेहरा शोधण्याचा अट्टाहास केला नाही. लादा यांच्या सपाट रेखाचित्राला घनाकार देऊन त्यांनी श्वेकची बाहुली घडविली. यान वेरिख यांचे निवेदन या चित्रपटाचे मोठे आकर्षण ठरले.

शेक्सपिअर यांच्या नाटकावरील 'मध्यग्रीष्म रात्रीचे स्वप्न' (१९५९) हा त्रन्का यांचा सर्वांत महत्त्वाकांक्षी चित्रपट होय. रुंद पडद्यासाठी केलेल्या सुमारे ७६ मिनिटांच्या या चित्रपटात एक लाखाहून अधिक चौकटी आहेत. शब्दप्रधान नाटकाचे रूपांतर त्यांनी मूकनाट्य आणि नृत्य यांत केले. पऱ्यांची राणी तितानिया हिच्या वस्त्राचा घोळ चिमुकल्या जीवांचा बनलेला असून तो तिच्यामागे सजीव होऊन वाहतो. येथे पात्र, वेशभूषा आणि नेपथ्य यांतील सीमा पुसल्या जातात. सौंदर्याच्या मागे लागून चित्रपट सामान्य प्रेक्षकापासून दुरावल्याची टीका स्वदेशात झाली; परदेशात मात्र त्याची मोठी प्रशंसा झाली.

१९६२ पासूनच्या चित्रपटांत त्यांचा सूर गंभीर होत गेला. 'वेड' या लघुपटात मोटारसायकलच्या वेगाने झपाटलेला तरुण आहे, तर 'संगणकीय आजी' मध्ये मायेच्या आजीची जागा यंत्राने घेतल्यावर नातीची होणारी घुसमट दाखविली आहे. 'सम्राटाचा बुलबुल' मधील यंत्र आणि जीव यांचा प्रश्न येथे पुन्हा येतो. मात्र आता त्याला परीकथेचा दिलासा नाही.

== 'हात' ==

चेकोस्लोव्हाकियात फेब्रुवारी १९४८ मध्ये साम्यवादी पक्षाची सत्ता प्रस्थापित झाली. 'श्पालीचेक' नंतरचे त्रन्का यांचे सर्व मोठे बाहुलीपट या राजवटीत शासनाच्या पैशावर निर्माण झाले. वर्षानुवर्षे चालणारे असे चित्रण खासगी निर्मात्याला क्वचितच परवडले असते. शासनाने त्यांना साधने दिली आणि सन्मानही दिले. १९६३ मध्ये त्यांना राष्ट्रीय कलावंत हा किताब मिळाला. या आश्रयाची दुसरी बाजू त्यांनी १९६५ मधील 'हात' या सुमारे १८ मिनिटांच्या लघुपटात मांडली.

चित्रपटातील एकमेव बाहुली म्हणजे विदूषकाच्या वेषातील कुंभार. एका खोलीत तो राहतो, आपल्या लाडक्या रोपासाठी चाकावर कुंड्या घडवितो. एके दिवशी एक प्रचंड हात खोलीत शिरतो. तो हात बाहुलीचा नसून खऱ्या माणसाचा आहे. कुंड्यांऐवजी हाताची मूर्ती घडवावी, असा त्याचा आग्रह असतो. कुंभार नकार देतो. हात प्रथम आर्जव करतो, मग पैशाचे आमिष दाखवितो, मोहात पाडतो आणि अखेर बळ वापरतो. कुंभाराला पिंजऱ्यात डांबून, त्याच्या अवयवांना दोरे बांधून त्याच्याकडून पाषाणाचा भव्य हात कोरून घेतला जातो आणि त्याला पदकांनी भूषविले जाते. तो निसटून आपल्या खोलीत परततो, हात पुन्हा येऊ नये म्हणून खोली बंद करू लागतो. त्या धांदलीत वरून पडलेली कुंडी डोक्यावर आदळून त्याचा अंत होतो. त्यानंतर तोच हात मोठ्या इतमामाने त्याची अंत्ययात्रा घडवून आणतो.

त्रन्का यांनी आयुष्यभर जोपासलेल्या सर्व घटकांचा अर्थ या चित्रपटात एकवटतो. खोली लहान आहे, परंतु ती पात्राची स्वतःची आहे. हाताच्या आगमनाने तिचे प्रमाणच बिघडते. कुंभाराचा चेहरा एकदाही बदलत नाही, तरीही त्याचा आनंद, भीती आणि थकवा प्रेक्षकास जाणवतो. सांगाड्यावर स्वतंत्रपणे हिंडणाऱ्या बाहुलीला पिंजऱ्यात दोरे लावले जातात तेव्हा ती कळसूत्री बाहुली होते. बालपणी स्कुपा यांच्याकडे पाहिलेला दोरा येथे पारतंत्र्याचे चिन्ह बनून येतो. बाहुलीला प्राण देणारा आणि तिला वेठीस धरणारा, दोन्ही हातच असतात, ही जाणीव बाहुलीकाराखेरीज अन्य कोणास इतक्या नेमकेपणाने मांडता आली नसती.

चित्रपट प्रदर्शित झाला आणि फ्रान्समधील आनेसी महोत्सवात त्याला पुरस्कार मिळाला. त्या वेळी देशातील सांस्कृतिक वातावरण तुलनेने सैल होते. ऑगस्ट १९६८ मध्ये वॉर्सा करारातील देशांच्या सैन्यांनी चेकोस्लोव्हाकियात प्रवेश केल्यानंतर ते पालटले. त्रन्का यांच्या निधनानंतर काही महिन्यांतच 'हात' वर बंदी आली, त्याच्या प्रती जप्त झाल्या आणि सुमारे दोन दशके तो मायदेशात दाखविला गेला नाही.

== अखेरची वर्षे ==

'हात' नंतर त्रन्का यांनी चित्रपट केला नाही. पुस्तकचित्रे, चित्रकला आणि शिल्पकला यांत ते रमले. त्यांनी स्वतः लिहिलेले व चित्रित केलेले 'बाग' हे बालपुस्तक १९६२ मध्ये प्रसिद्ध झाले होते. एका जुन्या बागेत शिरणारी पाच मुले आणि तेथील तिरसट बोका यांची ही कथा चेक बालसाहित्यात आजही वाचली जाते. १९६७ मध्ये, ज्या संस्थेत त्यांनी शिक्षण घेतले होते तेथेच ते प्राध्यापक झाले. १९६८ मध्ये बालसाहित्यचित्रांसाठीचे हान्स क्रिस्टिअन अँडरसन पदक त्यांना प्रदान करण्यात आले.

३० डिसेंबर १९६९ रोजी वयाच्या ५७ व्या वर्षी त्यांचे प्राग येथे निधन झाले. पल्झेन या जन्मगावी त्यांचे दफन करण्यात आले.

== प्रभाव ==

जपानी बाहुलीकार किहाचिरो कावामोतो हे १९६३ मध्ये प्राग येथे येऊन त्रन्का यांच्याकडे शिकले. आपल्या देशाच्या परंपरेत पात्रे शोधण्याची दृष्टी त्यांना येथे लाभली आणि पुढे नो व बुन्राकू या जपानी नाट्यप्रकारांच्या आधारे त्यांनी स्वतःचे बाहुलीपट निर्माण केले. त्यांच्या शैलीत त्रन्का यांचे अनुकरण नाही, हेच त्या शिकवणीचे यश मानले जाते. पोयार यांनीही स्वतंत्र दिग्दर्शक म्हणून मोठी कामगिरी केली. प्राग येथील बाहुलीपट कलागृहाला त्रन्का यांचे नाव देण्यात आले.

अॅनिमेशनच्या विद्यार्थ्यांसाठी त्रन्का यांचे चित्रपट विशेष अभ्यसनीय आहेत. साधने मोजकी असताना अनेक मुद्रांची डोकी करणे शक्य नसते; अशा वेळी एकच विचारपूर्वक घडविलेला चेहरा, योग्य मापाची एक खोली आणि सरकविता येईल असा एक दिवा एवढ्यावर किती आशय पेलता येतो, याचा वस्तुपाठ त्यांच्या कार्यात सापडतो.

== निवडक चित्रपट ==

* प्राणी आणि दरोडेखोर (१९४६) – रेखाटित लघुपट
* श्पालीचेक (१९४७)
* सम्राटाचा बुलबुल (१९४९)
* माळरानाचे गीत (१९४९) – लघुपट
* बायाया (१९५०)
* आनंदी सर्कस (१९५१) – कातरचित्रांचा लघुपट
* जुन्या चेक दंतकथा (१९५३)
* शूर शिपाई श्वेक (१९५४-५५)
* मध्यग्रीष्म रात्रीचे स्वप्न (१९५९)
* वेड (१९६२) – लघुपट
* संगणकीय आजी (१९६२) – लघुपट
* हात (१९६५) – लघुपट